दिवे घाटातलं डाळिंब, किंवा वळणावर आपल्याला बाहेर कोण ढकलतं?

सासवडहून हडपसरकडे येणारी पीएमपीची बस दिवे घाट उतरत होती. माझ्या पुढच्या बाकावर एक आजी, त्यांच्या पायाशी डाळिंबांनी गच्च भरलेली कापडी पिशवी. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला तेवढ्यात ड्रायव्हरने डावं वळण घेतलं आणि पिशवीतून एक डाळिंब सुटलं. घरंगळत थेट उजवीकडच्या बाकांखाली गेलं. पुढचं वळण उजवं. डाळिंब मुकाट्याने परत डावीकडे आलं आणि माझ्या चपलेला आपटून थांबलं.

"आवं, धरा की तेवढं," आजी म्हणाल्या. "ह्याला कोण ढकलतंय इकडून तिकडं?"

दांड्याला लटकलेल्या कॉलेजच्या मुलाने कानातला इअरफोन काढला. "आजी, तो सेंट्रिफ्युगल फोर्स असतो."

"कुणी का असंना. माझं डाळिंब द्या."

डाळिंब दिलं. पण त्या मुलाचं उत्तर डोक्यात राहिलं, कारण हेच उत्तर आपण सगळीकडे ऐकतो. घाटात ट्रक उलटला की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितंच: वळणावर बाहेर फेकणारं बल वाढलं, म्हणून उलटला. साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते इंग्रजी 'एस'सारखं वळण तर या एका कारणासाठी बदनाम आहे. बाहेर फेकणारं बल हे शब्द इतके ओळखीचे झालेत की ते ढकलणारं कोण, हा आजींचा साधा प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं असं की त्या डाळिंबाला कुणीही ढकललं नव्हतं.

सरळ जाणं फुकट असतं

पावडर टाकलेल्या कॅरमवर स्ट्रायकर मारा. तो सरळ जातो. मध्ये सोंगटी किंवा कड आडवी आली नाही तर सरळच जात राहतो. अर्ध्या वाटेत स्वतःच्या मर्जीने डावीकडे वळलेला स्ट्रायकर कुणी पाहिलाय का? चालत्या वस्तूला तिच्या चालीने, तिच्या दिशेने सरळ जात राहायला काहीच लागत नाही. या स्वभावाला जडत्व म्हणतात. स्ट्रायकर शेवटी थांबतो तो घर्षणामुळे. ते त्याला मागे खेचत असतं.

वळायला मात्र किंमत मोजावी लागते. वस्तूची दिशा बदलायची तर तिला बाजूने कुणीतरी ओढायला किंवा ढकलायला हवं. एकदाच ढकललं तर ती एकदाच वळेल आणि नव्या दिशेने पुन्हा सरळ जाईल. गोलगोल फिरवायची असेल तर क्षणाक्षणाला ओढत राहावं लागतं, आणि ती ओढ दर वेळी वर्तुळाच्या मध्याकडे असावी लागते.

आता बसमध्ये परत या. बस वळली ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे. बाकं बसला स्क्रूने जोडलेली, म्हणून ती वळली. आजी बाकाला घट्ट धरून बसल्या होत्या, म्हणून त्या वळल्या. डाळिंबाला कुणीच धरलेलं नव्हतं. गुळगुळीत फरशीवर ते आधी जात होतं तसंच सरळ जात राहिलं आणि त्याच्याखालून बस डावीकडे निघून गेली. रस्त्याकडेला दरडीवर बसून कुणी बसच्या आत पाहू शकला असता तर त्याला डाळिंब जवळपास सरळ रेषेत जाताना दिसलं असतं. आम्ही आत बसलेलो, म्हणून आम्हाला ते उजवीकडे पळाल्यासारखं वाटलं.

फुगडी आणि मंडळाचा अध्यक्ष

मंगळागौरीच्या रात्री दोघी जणी फुगडी घालतात ते डोळ्यांसमोर आणा. पायांचे चवडे जुळवायचे, हात एकमेकींत अडकवायचे, मागे रेलायचं आणि फिरायचं. फुगडी रंगात आली की हातांना ताण बसतो, बोटं लाल होतात. तो ताण म्हणजेच मध्याकडची ओढ. प्रत्येक जण समोरचीला आत खेचत असते, आणि त्या खेचण्यामुळेच दोघी वर्तुळात राहतात.

मध्याकडे खेचणाऱ्या या बलाला शाळेच्या पुस्तकात अभिकेंद्री बल म्हणतात. एवढं म्हणून मी ते नाव बाजूला ठेवतो. इथून पुढे 'आतली ओढ'.

पुष्कळांचा गोंधळ होतो तो इथे. आतली ओढ हे चुंबकीय बल किंवा गुरुत्वाकर्षण यांच्या पंक्तीला बसणारं वेगळं बल नाही. ते पद आहे. गणेश मंडळाचा अध्यक्ष दर वर्षी कुणीतरी असतो. यंदा हे, पुढच्या वर्षी ते. खुर्ची तीच, बसणारा वेगळा. फुगडीत त्या खुर्चीवर हातांचा ताण बसतो, गोफणीत दोरीचा. चंद्राच्या बाबतीत पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण, स्कूटरच्या बाबतीत टायरखालचं घर्षण. जत्रेतल्या मौत का कुआंमध्ये ही जागा लाकडी भिंतीची: ती मोटरसायकलला आत ढकलते, आणि त्या दाबामुळे तयार झालेलं घर्षण मोटरसायकलला खाली पडू देत नाही. विहिरीची त्रिज्या 5 मीटर आणि टायरची पकड बऱ्यापैकी धरली तर ताशी 30 किलोमीटरच्या आसपास चाल पुरते. बाकी सगळा आवाज सायलेन्सर काढल्याचा.

म्हणून वळणाचा कुठलाही प्रश्न सोडवताना आधी विचारायचं: इथे अध्यक्ष कोण? तो सापडला नाही, तर वस्तू वळणारच नाही.

हात सुटला तर कुठे जाल?

बाहेर फेकणारं बल खरंच असतं, तर हात सुटल्यावर माणूस मध्यापासून थेट लांब, त्रिज्येच्या रेषेत फेकला गेला असता. तसं होत नाही.

आमच्या पेठेत अजून अधूनमधून धार लावणारा येतो. सायकल स्टँडवर उभी करून पॅडल मारतो, पुढचा दगड गरगरतो. मी एकदा विळी घेऊन मुद्दाम जवळ उभा राहिलो. पातं दगडाला टेकलं की ठिणग्यांची शेपटी निघते. ती शेपटी दगडाच्या मध्यापासून चहूबाजूंना सुटत नाही. पातं टेकलं त्या जागेपासून दगडाच्या कडेला लगटून, कडेच्याच दिशेने, एकच सरळ पट्टा निघतो. ठिणगी दगडावर होती तोवर गोल फिरत होती. सुटली त्या क्षणी जिकडे तोंड होतं तिकडे सरळ निघून गेली. त्या दिशेला भूमितीत स्पर्शिका म्हणतात. पावसाळ्यात मडगार्ड नसलेल्या सायकलवाल्याच्या पाठीवर चिखलाची उभी रेघ उमटते ती याच हिशेबाने.

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकणाऱ्या राखणदाराला हे पुस्तकाशिवाय कळतं. दगड पाखरांच्या बाजूला येईपर्यंत थांबलं तर नेम चुकतो. दोरी त्याआधी, साधारण पाव फेरा अलीकडे सोडावी लागते.

ओढ आत, मग दगड मध्यात का येत नाही?

हा आक्षेप चांगला आहे आणि त्याचं उत्तर जरा चमत्कारिक. दगड आत येत असतोच. ओढ नसती तर तो सरळ रेषेत जिथे पोचला असता, त्या जागेपेक्षा तो दर क्षणाला आत पडतो. पण तेवढ्यात बाजूलाही सरकलेला असतो. हे आत पडणं आणि बाजूला सरकणं नेमकं जुळलं की वर्तुळ होतं.

चंद्राचंच घ्या. तो आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटर लांब आहे आणि सेकंदाला सुमारे 1 किलोमीटर या चालीने जातो. सरळ रेषेपासून तो एका सेकंदात पृथ्वीकडे किती पडतो? साधारण 1.4 मिलिमीटर. जोंधळ्याच्या दाण्याच्या निम्म्यानेही नाही. किलोमीटरभर पुढे, एवढासा खाली. झाडावरून सुटलेलं फळ पहिल्या सेकंदात 4.9 मीटर पडतं. या दोन आकड्यांत सुमारे 3,600 पटींचा फरक आहे, आणि पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र हा फळाच्या साठपट लांब. साठाचा वर्ग 3,600. न्यूटनने हा ताळा करून पाहिला आणि फळ पाडणारी ओढच चंद्राला फिरवते, असं मांडलं.

अंतराळ स्थानकातले लोक तरंगतात तेही यामुळे. तिथे गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं. 400 किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असतं. स्थानक आणि माणसं दोघंही सारखीच पडत असतात, म्हणून एकमेकांवर भार पडत नाही.

"चाल तीच आहे, मग बल कशाला?" असंही विचारतात. भौतिकशास्त्रात वेग म्हणजे चाल अधिक दिशा. काटा 40 वर स्थिर असला तरी वळणावर दिशा बदलते, म्हणजे वेग बदलतो, आणि वेग बदलायला बल लागतंच. हा मुद्दा इथेच सोडू.

हिशेब: 30 आणि 45 मधला फरक

आतली ओढ किती लागेल याचं सूत्र छोटं आहे. वस्तुमान गुणिले चाल, पुन्हा गुणिले चाल, भागिले वळणाची त्रिज्या. चाल दोनदा येते ही त्यातली ग्यानबाची मेख.

60 किलोचा प्रवासी धरा. बस 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 30 किलोमीटरने वळतेय. त्याला वळवायला बाजूने जी ओढ लागते ती साधारण 14 किलोच्या वजनाएवढी. घरच्या सिलिंडरमध्ये भरलेल्या गॅसचं वजन एवढंच असतं. हे बाकाच्या घर्षणाने, दांड्याच्या आधाराने भागतं. आता तीच बस, तेच वळण, फक्त चाल 45. दीडपट चाल, सव्वादोनपट ओढ: 32 किलो. म्हणजे लोखंडी टाकीसकट भरलेला सिलिंडर कुणीतरी आडवा तुमच्या खांद्याला लटकवावा तशी. दांडा धरलेला नसेल तर तुम्ही शेजारणीच्या मांडीवर.

घाटातले चालक "जरासंच जास्त होतं" असं म्हणतात तेव्हा हा वर्ग त्यांच्या लक्षात नसतो. काट्यावर जरासंच, रस्त्याच्या हिशेबात दुप्पट.

रस्ता किती धरून ठेवतो?

सपाट वळणावर गाडीला आत ओढणारं एकटं घर्षण असतं. ते आपल्याला मागू तेवढं मिळत नाही. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरला गाडीच्या वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत पकड मिळू शकते. ओल्या रस्त्यावर ती पुष्कळ घटते, आणि बारीक खडी पसरलेली असेल तर विचारू नका.

म्हणून रस्ता बांधतानाच वळणाची बाहेरची कड उंच ठेवतात. चांदणी चौकातल्या नव्या रॅम्पवरून उतरताना रस्ता एका बाजूला कललेला दिसतो ना, तेच. अभियंते त्याला सुपर एलिव्हेशन म्हणतात. रस्ता कलला की तो गाडीला सरळ वर न ढकलता थोडा आतल्या बाजूलाही ढकलतो, आणि घर्षणावरचा बोजा तेवढा हलका होतो. रेल्वेतही बाहेरचा रूळ उंच असतो. गाडी खंडाळ्याच्या वळणावर सिग्नलला थांबली की कपातला चहा एका बाजूला चढलेला दिसतो तो त्यामुळे.

मग खूप कल का देत नाहीत? कारण त्याच वळणावरून भरलेली बैलगाडी आणि दम टाकत चढणारा ट्रकही जातो. हळू जाणाऱ्याला जास्त कल म्हणजे आत कलंडण्याची भीती. इंडियन रोड्स काँग्रेसने यावर मर्यादा घालून दिल्यात. नाव ऐकून निवडणूक आठवली तरी ही 1934 मध्ये स्थापन झालेली रस्ते अभियंत्यांची संस्था आहे. तिच्या नियमाने सपाट मुलखात कल 7 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 10 मीटर रुंदीला 70 सेंटिमीटर. बर्फ न पडणाऱ्या डोंगरी भागात 10 टक्क्यांपर्यंत. घर्षणाचा हिस्सा मुद्दाम कमी, 0.15, म्हणजे गाडीच्या वजनाच्या 15 टक्के, धरतात. पावसाचे दिवस, गुळगुळीत झालेले टायर, सगळं पोटात घालून. या हिशेबाने ताशी 80 किलोमीटरसाठी सपाट मुलखात वळणाची त्रिज्या किमान 230 मीटर लागते. घाटात एवढी जागा कुठली मिळायला? म्हणून तिथे पाटी 30 किंवा 40 ची लागते. पाटीवरचा आकडा पोलिसांनी हवेत काढलेला नसतो, त्या वळणाची त्रिज्या त्यात दडलेली असते.

मोटार घसरते, ट्रक उलटतो

बाहेर कुणी ढकलत नाही म्हणता, मग ट्रक उलटतो कसा? आणि तोही नेमका बाहेरच्या बाजूला?

उभ्या माणसाच्या पायाखालची सतरंजी डावीकडे खस्सकन ओढा. तो उजवीकडे पडतो. त्याला उजवीकडे कुणी ढकललं नाही, त्याचे पाय डावीकडे गेले आणि धड होतं तिथे राहिलं. ट्रकचं तसंच. रस्ता टायरना आत ओढतो, म्हणजे ओढ लागते ती अगदी खाली, जमिनीलगत. माल वर असतो आणि त्याला सरळ जायचं असतं. पाय आत गेले, डोकं मागे राहिलं, ट्रक बाहेरच्या बाजूला आडवा.

कोण उलटणार आणि कोण घसरणार, हे ठरतं गाडीची रुंदी आणि तिच्या भाराची उंची यांवरून. दोन चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला भाराच्या मध्याच्या उंचीने भागा. गाडी उलटायला तिच्या वजनाच्या तेवढी पट ओढ लागते. ठेंगण्या मोटारीत निम्मी रुंदी 75 सेंटिमीटर, उंची 55 धरली तर उत्तर येतं 1.36. रस्त्याची पकड तर 0.8 च्या पुढे जात नाही. मोटार उलटायच्या कितीतरी आधी घसरू लागते. वर टपापर्यंत भरलेल्या ट्रकमध्ये निम्मी रुंदी 1 मीटर आणि भाराचा मध्य 2 मीटर उंच धरला, तर उत्तर 0.5. पकड अजून शिल्लक असते, टायर घसरलेले नसतात, आणि आतल्या बाजूची चाकं उचलली जातात. सपाट रस्त्यावर 57 मीटर त्रिज्येच्या वळणाला हे ताशी 60 किलोमीटरला घडेल. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात, टायर दबतात, ट्रक आधीच बाहेर झुकतो, त्यामुळे ही मर्यादा त्याच्याही अलीकडे येते.

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या डोळ्यांसमोर आणा. रुंदी बेताची आणि ऊस दोन माणसं उंच. किंवा अर्धवट भरलेला टँकर: वळलं की आतला द्रव बाहेरच्या बाजूला चढतो आणि भारच जागा बदलतो. 'एस' वळण या सगळ्यांना जड जातं, कारण पहिल्या वळणाचा झोल जिरायच्या आत दुसरं, उलट्या बाजूचं वळण सुरू होतं आणि एका झोल्यात दुसरा मिसळतो.

ट्रक उलटायच्या आधी चालकाला टायर घसरल्याची सूचनाही मिळत नाही, हे मला यातलं सगळ्यात वाईट वाटतं. मोटारीचे टायर निदान किंचाळतात.

सिंहगडाच्या वळणावर

यातलं थोडं मी अंगावर शिकलो. जूनची पहिली सर येऊन गेली होती, आणि सिंहगडाचा घाट मी स्कूटरवरून उतरत होतो. एका डाव्या वळणाला, आत झुकलेलो असताना, चाकाखाली बारीक खडी आली. पुढचं चाक गेलं आणि मी डाव्या कोपरावर पडलो. स्कूटर आणि मी दोघंही तसेच पुढे सरळ घसरत गेलो, रस्ता डावीकडे वळून गेला आणि आम्ही कठड्याशी थांबलो.

कोपराला हळद लावून घरी बसलो असताना लक्षात आलं. बाहेर फेकणारं बल असतं तर मी उजव्या अंगावर पडायला हवा होतो. पडलो डाव्या. दुचाकीवर वळताना आपण आत झुकतो ते सतरंजीच्या त्या खेचण्याचं उट्टं काढायला. टायर पायाखालून आत खेचले जाणार म्हणून वरचं अंग आधीच आत ठेवायचं. 20 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 36 किलोमीटरला तब्बल 27 अंश झुकावं लागतं. खडीने ती आतली ओढ एका क्षणात काढून घेतली. झुकणं तेवढं उरलं, म्हणून डाव्या अंगावर पडलो. वळवणारं कुणी उरलं नाही, म्हणून सरळ गेलो.

आणखी एक चूक केली होती. वळणात असताना घाबरून ब्रेक दाबला. टायरची पकड महिन्याच्या पगारासारखी असते. वळायलाही त्यातूनच खर्च आणि थांबायलाही. वळणावर निम्म्याहून जास्त पगार आधीच गेलेला असतो. त्यात ब्रेकचं बिल आलं की दिवाळं. वळणाआधी, सरळ रस्त्यावर वेग कमी करा असं ड्रायव्हिंग शिकवणारे सांगतात ते याचसाठी.

"पण मला धक्का जाणवतो, त्याचं काय?"

जाणवतो हे खरंच आहे. मोटार डावीकडे वळते, तुमचं अंग सरळ जाऊ पाहतं, आणि उजवीकडचं दार येऊन तुमच्या खांद्याला भिडतं. दार तुम्हाला आत ढकलतंय. पण दार स्थिर आणि आपणच हललो अशी आपली समजूत, म्हणून "मी दारावर फेकलो गेलो" असं म्हणतो.

वळत्या गाडीत बसूनच हिशेब मांडायचा हट्ट असेल तर मात्र बाहेर ढकलणारं एक बल कागदावर धरावं लागतं. नाहीतर डाळिंब का घरंगळलं याचा जमाखर्च जुळत नाही. त्याला अपकेंद्री बल म्हणतात. त्या मुलाचा सेंट्रिफ्युगल फोर्स तो हाच. हे नाव आधी आलं: ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने वर्तुळाकार गतीचा हिशेब मांडून 1673 मध्ये छापला, त्यात. आतल्या ओढीचं नाव न्यूटनने नंतर त्याच धर्तीवर घडवलं.

अशा हिशेबापुरत्या बलांना छद्मबल म्हणतात, पण म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे. हवामान खात्याचं तेव्हाचं मुख्यालय 1928 मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. हवामानवाल्यांचा सगळा धंदा फिरत्या पृथ्वीवर बसून वाऱ्याचा हिशेब करण्याचा, त्यामुळे छद्मबलांशिवाय त्यांचं पान हलत नाही. पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळताना दिसतात. दक्षिणेकडून विषुववृत्त ओलांडून आलेला वारा असा वळत वळत नैऋत्येकडून आपल्यावर येतो. आपला मोसमी पाऊस ज्यावर स्वार होऊन येतो तो वारा हाच. तेव्हा कॉलेजच्या मुलाचं शंभर टक्के चुकलं असं मी म्हणणार नाही. बसच्या आतून त्याचा हिशेब जुळतो. पण ट्रक का उलटला हे समजून घ्यायचं तर रस्त्यावर उभं राहूनच बघावं. आतून बघितलं की एक अदृश्य खलनायक तयार होतो आणि खरा प्रश्न, रस्त्याची पकड कुठे कमी पडली, बाजूला राहतो.

पृथ्वी फिरते, मग आपण उडून का जात नाही?

पुण्यात खुर्चीवर बसलेला माणूससुद्धा पृथ्वीच्या अक्षाभोवती ताशी जवळपास 1,590 किलोमीटर चालीने फिरतोय. आकडा धडकी भरवतो, पण त्रिज्याही हजारो किलोमीटरची आहे. पृथ्वीला एका फेऱ्याला दिवस लागतो, म्हणजे ती घड्याळाच्या तासकाट्याच्याही निम्म्या गतीने वळते. तासकाट्यावर बसलेली माशी कधी उडून गेलीय? एवढ्या सावकाश वळणाला आतली ओढ अगदी किरकोळ लागते, आणि गुरुत्वाकर्षण ती स्वतःच्या खिशातल्या चिल्लरमधून देतं. 60 किलोच्या माणसाचं वजन त्यापायी काट्यावर साधारण 190 ग्रॅम कमी भरतं. वजन कमी करण्याचा हा एकमेव मार्ग मला आजवर जमलाय.

मळी बाहेर, फुगा आत

शेवटी घरातला आक्षेप. वॉशिंग मशीनमधलं पाणी तर बाहेर फेकलं जातंच की! 20 सेंटिमीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला 700 फेऱ्यांनी फिरला तर कपड्याला वळत ठेवायला त्याच्या वजनाच्या सुमारे 110 पट ओढ लागते. कपड्याला ती ड्रमच्या भिंतीकडून मिळते. पाण्याच्या थेंबाला चिकटून राहण्यापुरती ओढ धाग्याकडून मिळते, ती कमी पडते, आणि समोर भोक आलं की थेंब सरळ निघून जातो. साखर कारखान्यातही हेच: दाणे आणि मळीचा घट्ट लगदा जाळीच्या पिंपात गरगर फिरवतात, जाळी दाण्यांना धरते, मळीला धरायला कुणी नसतं.

आता एक गंमत. सारसबागेबाहेरून मुलासाठी गॅसचा फुगा घ्या. मोटारीत त्याची दोरी मागच्या सीटला बांधा आणि काचा पूर्ण बंद करा. डावं वळण आलं की सगळे उजवीकडे कलतील, पिशव्या उजवीकडे जातील. फुगा डावीकडे, वळणाच्या आत झुकेल.

त्याला आत कोण ओढतं? मोटारीतली हवा. हवेलाही वजन असतं आणि तिलाही सरळ जायचं असतं. ती बाहेरच्या बाजूला किंचित दाटते, आणि तिच्याहून हलक्या फुग्याला आत रेटते. काच उघडी असली तर वाऱ्याने प्रयोग फसतो. आणि फुगा ड्रायव्हरच्या तोंडासमोर येणार नाही एवढी आखूड दोरी ठेवा.